दोन दिवसांचं बँकॉक : भाचीला मामाचे कानमंत्र

शुक्रवारी ऑफिस सुटलं की सिंगापूरहून निघायचं, रविवारी रात्री परत यायचं आणि मधल्या दोन दिवसांत बँकॉक बघायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांचे शनिवार-रविवार कपडे धुण्यात, किराणा भरण्यात आणि झोप काढण्यात जातात. बघता बघता बदली होते, नाहीतर लग्न ठरतं, आणि अडीच तासांच्या विमान-अंतरावरचं शहर बघायचं राहून जातं. मी सिंगापूरला नोकरीला होतो तेव्हा बँकॉकच्या फेऱ्या केल्या आहेत, अलीकडेही जाऊन आलो आहे. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. पाठ कर, आणि आपल्या गावाहून, शहाद्याहून, पुढे कुणी तिकडे आलं तर त्यालाही सांग.

मूळ मंत्र

दोन दिवसांत बँकॉक बघून होत नाही. तो हट्ट सोड. तू एवढंच बघ, की पुढच्या खेपेला ताईला आणि दाजींना, म्हणजे तुझ्या आईवडिलांना, हात धरून फिरवता आलं पाहिजे. कुठल्या धक्क्यावर उतरायचं, कुठल्या पायऱ्या उभ्या आहेत, सावलीत टेकायला जागा कुठे आहे, माशाचा अंश नसलेलं जेवण कुठे मिळतं, एवढं तुला ठाऊक झालं की तुझी फेरी सार्थकी लागली. घरातून पहिल्यांदा बाहेर पडलेलं माणूस साऱ्या घराचा वाटाड्या असतं. ऊसतोड, पपईचा तोडा आणि लग्नसराई यांतून दाजींनी कधी चार दिवस सलग मोकळे काढले नाहीत. प्रकाशा, तोरणमाळ आणि पंढरपूर यांच्यापलीकडे ते तुझ्याच बोटाला धरून जाणार आहेत.

म्हणून एक छोटी वही पाठपिशवीत टाक. फोटो सगळेच काढतात. वहीत दर ठिकाणी तीन गोष्टी लिही : किती चालावं लागलं, किती पैसे गेले, आणि आईला इथे काय अवघड जाईल.

निघण्याआधी

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पासपोर्टवरची व्हिसाची अट उठवली, पण राहण्याची मुदत आणि अटी मध्येच बदलतात. तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं पान स्वतः वाच, मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नकोस. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारं पान दिसलं तर ते बनावट समजायचं.

बँकॉकला विमानतळ दोन : मोठा सुवर्णभूमी आणि जुना डॉन म्युआंग. स्वस्त विमानं बरीचशी डॉन म्युआंगला उतरतात. तिकिटावर जाण्याचा आणि येण्याचा विमानतळ वेगवेगळा वाच. दोन्ही शहराच्या दोन टोकांना आहेत, आणि रविवारी संध्याकाळी चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्या माणसाचं विमान हमखास चुकतं.

मुक्काम स्वस्त शोधू नकोस, स्टेशनजवळ शोध. बँकॉकची वाहतूक तासन्‌तास तुंबते. शहराला तारलं ते डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या उन्नत रेल्वेने, म्हणजे बीटीएसने, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोने, म्हणजे एमआरटीने. साफान ताकसिन हे बीटीएस स्टेशन नदीच्या अगदी कडेला आहे. त्याच्या आसपास पायी पाच-सात मिनिटांवर खोली मिळाली तर शनिवार निम्मा सोपा झाला.

सामान पाठीवर मावेल एवढंच घे. दोन सुती जोड, गुडघे आणि खांदे पूर्ण झाकणारे. एक ओढणी, एक छत्री, आणि पटकन काढता-घालता येतील अशा चपला, कारण देवळात शिरताना त्या दर वेळी काढाव्या लागतात. महिना निवडता आला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस. एप्रिलात आपल्याकडच्यासारखाच चटका, त्यातच १३ ते १५ तारखेला त्यांचं नववर्ष सोंगक्रान. त्या दिवसांत रस्त्यावर सगळे एकमेकांना पाण्याने भिजवतात. मजा असते, पण स्थळं बघायला ते दिवस उपयोगाचे नाहीत.

शुक्रवारची रात्र

सुवर्णभूमीला उतरलीस तर तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक पकड. साधारण अर्ध्या तासात फाया थाई स्टेशनला पोहोचवते, भाडं पन्नास बाटांच्या आत, आणि तिथेच बीटीएस मिळते. गाड्या मध्यरात्रीपर्यंतच असतात, म्हणून विमान उशिरा उतरलं तर टॅक्सीची तयारी ठेव. टॅक्सी घ्यायची तर खालच्या मजल्यावरच्या अधिकृत रांगेतून. यंत्रातून निघणारी चिठ्ठी स्वतःजवळ ठेव, त्यावर टॅक्सीचा क्रमांक असतो. मीटर ३५ बाटांपासून सुरू होतो. त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि टोलचे पैसे आपण द्यायचे, ही फसवणूक नाही. मीटर लावायला नको म्हणणाऱ्या टॅक्सीतून मात्र खाली उतर.

घड्याळ एक तास मागे घे. बँकॉक सिंगापूरपेक्षा एक तास मागे आणि शहाद्यापेक्षा दीड तास पुढे. पोहोचल्याचा फोन ताईला कर, मग झोप. शुक्रवारी रात्रीचा बाजार बघायला गेलीस तर शनिवारची सकाळ हातची जाईल, आणि या शहरात सकाळच खरी.

शनिवार नदीचा

राजा राम पहिला याने १७८२ मध्ये चाओ फ्रायाच्या पूर्वकाठी राजधानी वसवली. जुनं बँकॉक या नदीलाच चिकटून आहे. म्हणून शनिवारभर नदी सोडू नकोस. साफान ताकसिनला उतरून समोरच्या साथोर्न धक्क्यावर जा. तिथे दोन रांगा दिसतील. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची आणि महाग. नारिंगी झेंड्याची बोट गावच्या लोकांची, भाडं पंधरा-सोळा बाटांच्या आसपास. तू नारिंगी झेंड्याचीच घे.

ही बोट धक्क्याला कशी लागते ते नीट बघ. शेवटाला उभा असलेला पोऱ्या शिट्टी वाजवतो. लांब शिट्टी, तुटक शिट्टी, अशा खुणांवर पुढचा चालक बोट मागे-पुढे करतो. त्याला मागचं काही दिसत नसतं, तो नुसतं ऐकून बोट लावतो. पोऱ्या दोर खांबाला एक वेढा मारून ताणून धरतो, तेवढ्यात माणसं चढतात-उतरतात. दोर पुरता बांधला जातच नाही. तिकीटवाली बाई पत्र्याची लांब नळी खळखळ वाजवत येते. तिच्यातच सुट्टे पैसे आणि तिकिटांची गुंडाळी असते. सुट्टे हातात तयार ठेव. आई बरोबर असली की तू आधी चढायचं नाहीस. तिला आधी चढव, मागून आधार दे, आणि घाई करणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ दे, दुसरी बोट येते. बोटीत आणि गाडीत भिक्खूंसाठी राखलेली जागा असते. ती मोकळी दिसली तरी बसायचं नाही.

राजवाडा

था चांग धक्क्यावर उतर. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट विक्री दुपारी साडेतीनला बंद होते. परदेशी माणसाला तिकीट सध्या ५०० बाट. पहिल्या अर्ध्या तासात आत गेलीस तर तासभर सुखाने बघशील. दहानंतर बसगाड्या भरून लोक येतात आणि वर ऊन तापतं. आदल्या दिवशी राजवाड्याचं अधिकृत पान बघ, राजघराण्याच्या कार्यासाठी कधी कधी काही भाग बंद असतो.

आत शिरल्यावर सगळे सोन्याच्या स्तूपाकडे धावतात. तू आधी भोवतीच्या ओवरीत शिर. पाचूच्या बुद्धाच्या मंदिराला वेढणाऱ्या या ओवरीच्या भिंतींवर त्यांचं रामायण, म्हणजे रामकियन, १७८ चित्रांत रंगवलं आहे. पहिल्या चित्रात जनकाला सीता सापडते. तिथून उजव्या हाताने पुढे चालत जा. सेतू बांधणारी वानरसेना, कुंभकर्ण, लंकेची लढाई, सगळं तुला न विचारता ओळखू येईल. काही गोष्टी वेगळ्या दिसतील. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, मत्स्यकन्येशी त्याचं सूत जमतं. त्यावर तिथे कुणाशी वाद घालायचा नाही. रामकथा ज्या देशात गेली तिथली होऊन राहिली. दाजींना पारायणाची आवड आहे. त्यांना या ओवरीत दोन तास सोडलंस तरी ते कंटाळणार नाहीत. म्हणून कुठलं चित्र कुठल्या खांबाजवळ आहे याची नोंद वहीत कर.

मंदिरातला पाचूचा बुद्ध खरं तर हिरव्या जेड दगडाचा, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशी त्याची तीन सोन्याची वस्त्रं आहेत, आणि ऋतू पालटला की राजा स्वतः ती बदलतो. आत फोटो काढायचा नाही. बसताना पाय मागे दुमडून बस, तळवे मूर्तीकडे नकोत. हे आपल्याकडेही शिकवतात, पण पर्यटक म्हणून गेल्यावर विसरायला होतं.

राजवाड्याच्या तटाबाहेर एक जुना डाव चालतो, तो ध्यानात ठेव. नीटनेटका, इंग्रजी बोलणारा माणूस गोड शब्दांत सांगतो, "आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, मी तुम्हाला दुसरं देऊळ दाखवतो." टुकटुक वीस बाटांत सारं शहर फिरवायला तयार असते. ती फेरी शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात जाऊन थांबते आणि काचेचे खडे नीलम म्हणून गळ्यात पडतात. उत्तर एकच : मान हलवून, हसून, फाटकापर्यंत चालत जायचं. राजवाडा बंद आहे की नाही हे फाटकच सांगतं.

दुपार आणि पलीकडचा काठ

राजवाड्यातून दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की वाट फो हे देऊळ. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. सगळे चेहऱ्याचा फोटो काढतात. तू पायांशी जा. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हं जडवली आहेत. पाठीमागच्या बाजूने १०८ काशाची भांडी ओळीने मांडलेली असतात. लोक सुट्टी नाणी घेऊन एकेका भांड्यात टाकत जातात, तो आवाज सगळ्या दालनभर चालू असतो. ताईला हे करायला फार आवडेल. थाई मालिश शिकवणारी जुनी शाळाही याच देवळाच्या आवारात आहे. चालून पाय भरून आले असतील तर बाहेर कुठे जाऊ नकोस, इथेच पाय चोळून घे.

भर दुपारी एक ते तीन उन्हात फिरायचं नाही. था तियेन धक्क्याजवळ जेवण उरक आणि सावलीत बस. मग तिथूनच पलीकडे नेणारी होडी घे, चार-पाच बाटांचं काम. समोर वाट अरुण हे दुसरं देऊळ. चिनी मातीच्या फुलापानांनी मढवलेलं उंच शिखर आहे. जवळ गेलीस की कळतं, ती फुलं म्हणजे जुन्या ताटवाट्यांचे तुकडे आहेत, एकेक हाताने बसवलेला. शिखराच्या पायऱ्या उभ्या आहेत. उतरताना आडवी होऊन, कठड्याला धरून उतर. आईच्या गुडघ्यांना हे जमायचं नाही, तिला खालच्या चौथऱ्यावरच बसव, तिथूनही नदी छान दिसते. वहीत लिही.

परतीला पुन्हा था तियेनला ये. धक्क्यापासून चालत सानाम चाय हे भुयारी स्टेशन आहे. २०१९ मध्ये सुरू झालं, आतून जुन्या राजवाड्याच्या दरबारासारखं सजवलं आहे. संध्याकाळी नदी नको असेल तर तिथून मेट्रोने परत जा.

पोटाचं

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे असते. नुसत्या भाजीतही माशाचं पाणी पडतं, कालवांचं सॉस पडतं. त्यांच्या दृष्टीने ते मीठ-मसालाच, म्हणून मांस नको म्हटल्याने भागत नाही. "जे" हा शब्द पाठ कर. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की त्या ठेल्यावर मांस, मासे, अंडी काही नाही. कांदा-लसूणही नाही, त्यामुळे ताईची एकादशीच्या आसपासची पंचाईतही मिटली. साध्या ठेल्यावर "माय साय नाम प्ला" असं म्हण, माशाचं पाणी घालू नका, असा त्याचा अर्थ. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या नवरात्राच्या सुमारास त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव येतो, तेव्हा असे झेंडे गल्लोगल्ली लागतात.

एक पदार्थ मात्र आपल्या शहाद्याच्या माणसाने बघितलाच पाहिजे : सोम ताम, कच्च्या पपईची कोशिंबीर. आपल्या तालुक्यातून पपईचे ट्रक भरून उत्तरेत जातात, पण कच्च्या पपईचा असा मान आपण कधी केला नाही. ठेल्यावरची बाई सोललेली हिरवी पपई डाव्या तळहातावर उभी धरते आणि उजव्या हातातल्या लांब सुरीने तिच्यावर उभे घाव घालत जाते, टक टक टक, अगदी बोटांजवळ. मग तीच सुरी आडवी फिरवते आणि बारीक शेवया झरझर खाली पडतात. उंच मातीच्या उखळात मिरची, लसूण, ताडगूळ, लिंबू, चवळीच्या लांब शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे. वरून पपई. एका हातात लाकडी मुसळ, दुसऱ्यात चमचा. ठेचायचं आणि खालून वर करायचं, दोन्ही एकाच वेळी. यात सुकी कोळंबी आणि माशाचं पाणी हमखास पडतं, म्हणून ती उखळात हात घालण्याआधीच सांगायचं. मिरची किती घालू असं विचारते, तेव्हा एकच सांग. खानदेशी माणसाला तिखटाचं कौतुक, पण त्यांची ती बारकी मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. पपई कापणाऱ्या हातांचा एक व्हिडिओ दाजींना पाठव, ते शेतातल्या साऱ्यांना दाखवतील.

नळाचं पाणी पिऊ नकोस, बाटलीबंद घे. चिरून ठेवलेल्या फळापेक्षा समोर कापून दिलेलं फळ बरं. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा निर्धास्त खा, त्यात काही वावगं नसतं. ताईकडून आलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उरली असेल तर तीही बरोबर ठेव. रात्री दहाला खोलीवर भूक लागली की त्याचं मोल कळतं.

रविवार माणसांचा

सकाळी सहा-साडेसहाला लुंपिनी बागेत जा. गावचे म्हातारे-कोतारे तिथे व्यायामाला येतात आणि तळ्याकाठी चांगल्या हातभर लांब घोरपडी खुशाल फिरत असतात. त्या वाटेला जात नाहीत, आपणही जायचं नाही. आठ वाजता राष्ट्रगीत लागलं की चालणारे-धावणारे सगळे जागच्या जागी थांबतात. तूही थांब. संध्याकाळी सहालाही स्टेशनांत, बागांत तेच होतं.

मग बीटीएसने मो चितला ये. चतुचकचा बाजार शनिवार-रविवारी भरतो, हजारो दुकानं आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना आजोबा जे सांगायचे तेच इथे लागू : लवकर जायचं, चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवायची, पैसे दोन ठिकाणी ठेवायचे, आणि तीन दुकानी भाव ऐकल्याशिवाय हात घालायचा नाही. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, भेटायची जागा तीच. दुकानांवर विभागाचे आणि गल्लीचे आकडे असतात. एखादं दुकान आवडलं तर पाटीचा फोटो काढ, नाहीतर ते पुन्हा सापडायचं नाही. नऊला शिर, साडेअकराला बाहेर पड. मॉल मात्र पूर्ण टाळ. ते सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवर तुझ्या दाराशीच आहेत.

दुपारी चित लोम स्टेशनला उतरून एरावनच्या ब्रह्मदेवापुढे पाच मिनिटं उभी राहा. १९५६ मध्ये शेजारच्या हॉटेलच्या बांधकामात अडचणी येऊ लागल्या म्हणून हे स्थान उभारलं. चारी मुखांपुढे उदबत्ती आणि झेंडूची माळ वाहत लोक फेरी घालतात. ज्यांचा नवस फळतो ते देवापुढे नर्तकींचा नाच लावतात. भारतात ब्रह्मदेवाची देवळं बोटांवर मोजण्याइतकी, आणि इथे तो शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात बसला आहे. जुन्या शहरात भव्य झोपाळ्याच्या लाल खांबांजवळ १७८४ मध्ये बांधलेलं देवस्थानही आहे. तिथे शिव, गणपती आणि विष्णू यांची मंदिरं आहेत आणि राजदरबारचे ब्राह्मण पूजा करतात. या खेपेला ते जमणार नाही. जागा नकाशावर खूण करून ठेव, ताईसाठी.

पैसा, मान आणि जपणूक

परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशे बाटांहून जास्त शुल्क कापतं, म्हणून सारखे थोडे थोडे काढू नकोस. यंत्राने "तुमच्या चलनात हिशेब करू का" असं विचारलं तर नको म्हण, बाटमध्येच घे. सिंगापूरची पेनाऊ आणि थायलंडची प्रॉम्प्टपे या पैसे पाठवण्याच्या सेवा २०२१ मध्ये जोडल्या गेल्या. तुझ्या बँकेच्या ॲपवरून तिथे पैसे देता येतात का, हे निघण्याआधी विचारून घे. दुचाकी भाड्याने घ्यायची नाही. फुटपाथवरही मोटारसायकली येतात, कानात गाणी लावून चालू नकोस. रात्री एकटी असशील तर ॲपवरचीच गाडी, आणि गाडीचा क्रमांक मैत्रिणीला पाठवायचा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. आपला दूतावास सुखुमवितच्या २३व्या गल्लीत आहे. पासपोर्टची एक प्रत वेगळ्या कप्प्यात ठेव.

राजघराण्याबद्दल एक वावगा शब्द नको, गमतीतही नको, फोनवरही नको. तो तिथे तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. नोट खाली पडली तर पायाने दाबायची नाही, तिच्यावर राजाचं चित्र असतं. लहान मुलाच्याही डोक्यावर हात ठेवू नकोस. भिक्खूला बाईमाणसाने स्पर्श करायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही. शोभेसाठी बुद्धाचं नुसतं मस्तक घेऊ नकोस. त्यांना ते लागतं, आणि बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला ललितकला विभागाचा परवाना लागतो.

परतताना

रविवारी दुपारी चारनंतर शहरात काही ठरवू नकोस. विमान साडेआठचं असेल तर साडेपाचला विमानतळावर. सुवर्णभूमीला पासपोर्टचा शिक्का घेऊन आत गेलीस की समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प दिसेल. वासुकीला एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने असुर ओढताहेत आणि वर विष्णू उभा आहे. तिथे फोटो काढ, तो मात्र सगळ्यांना पाठव.

आता कायद्याचं. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली आणि नंतर पुन्हा नियम आवळले, पण हिरव्या पानाच्या पाट्या अजून दिसतात. बिस्किटं, गोळ्या, सरबतं यांतही तो घातलेला असतो. पुडीवर पान छापलेलं असेल ते खायचंही नाही आणि बॅगेत घालायचंही नाही. सिंगापूरचा अमली पदार्थांचा कायदा जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहे. च्युइंगम आणि ई-सिगारेट कुणी भेट दिली तरी आणू नकोस, सिंगापुरात दोन्हींवर बंदी आहे. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट : बाहेरून आणलेल्या खरेदीवरची जीएसटीची सवलत पर्यटकाला मिळते, कामाच्या परवान्यावर राहणाऱ्याला मिळत नाही. नव्या वस्तू आणल्यास तर पावत्या जवळ ठेव आणि ९ टक्के कर प्रामाणिकपणे भर. कागद स्वच्छ असलेल्या माणसाची परदेशात मान वर राहते.

पुढची खेप

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी वही पक्की लिहून काढ. दोन दिवसांचं आठवडाभरात विस्कटतं. मग त्या वहीवरून ताई-दाजींचा बेत आख. डिसेंबर २०२४ मध्ये सुरतहून बँकॉकला थेट विमान सुरू झालं. शहाद्याहून सुरत मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. वेळापत्रक बघून तिकीट काढलं तर ते सुरतहून येतील, तू सिंगापूरहून ये, आणि बँकॉकला भेटा. त्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचतो आणि तुझी रजाही दोन-तीन दिवसांत भागते. तू आधी पोहोचशील असं विमान घे, त्यांना परक्या विमानतळावर वाट बघायला लावू नकोस.

दिवस नोव्हेंबरातले धर. बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच त्यांचा लॉय क्राथोंग येतो. केळीच्या खांबाची चकती घेतात, केळीच्या पानाच्या घड्यांनी ती सजवतात, फुलं आणि दिवा ठेवतात आणि नदीत सोडतात. प्रकाशाला तापीत दिवे सोडणाऱ्या आणि जन्मभर केळीच्या बागेत राबलेल्या माणसांना हे कुणी समजावून सांगायला नको. चकती ते स्वतःच कापतील.

त्यांचं अरायव्हल कार्ड तू भर, डिजिटल कामं त्यांच्यावर टाकू नकोस. दिवसाला एकच ठिकाण, दुपारची झोप पक्की, आणि बोटीत चढताना तू मागे. हे सगळं तुझ्या या दोन दिवसांतल्या नोंदींवर उभं राहणार आहे, म्हणून कंटाळा न करता लिही. दाजींच्या पासपोर्टची मुदत मी उद्या बघतो. ताईचा अजून काढलेलाच नाही, तिचा अर्ज या आठवड्यात भरायला लावतो.